हॉब टॅकेटचा मुका रविवार

हॉब टॅकेट बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये एकूण अकरा दिवस होता, आणि त्या अकरा दिवसांबद्दल त्याने स्वतः कधी अवाक्षर काढलं नाही. ते काम त्याच्या बायकोचं. वॉनीटाने किराणा दुकानात किंवा चर्चच्या पायऱ्यांवर "आमचा हॉब वर होता ना, तेव्हा..." असं सुरू केलं, की वॉबेकच्या बायका एकमेकींना कोपराने ढोसायच्या. त्या अकरा दिवसांत हॉबने चारच बॅटरना चेंडू टाकले, त्यातल्या तिघांनी ते सडकून काढले आणि बाराव्या दिवशी त्याला बसमध्ये बसवून खाली धाडलं, ही पुढची हकीकत वॉनीटा सांगत नसे. ती मी सांगत असे. अख्ख्या गावाला सांगून झाली होती माझी.

वॉबेक रिव्हरमेन या आमच्या संघाच्या कपड्यांच्या खोलीचा मी कारभारी. खेळाडू मला पॉप म्हणतात. एकोणतीस वर्षं मी त्यांचे शर्ट, मोजे आणि आतले कपडे धुतले, आणि ज्याने माणसाचे आतले कपडे धुतले त्याच्यापासून काय लपून राहणार? आमचा मॅनेजर लू प्रोचास्का मिशीला बुटाचं पॉलिश लावतो, हे त्याच्या बायकोच्या आधी मला कळलं. कॉलरवर डाग होते. त्याच्या बायकोला ते माझ्याकडून कळलं.

तर हॉब. केंटकीच्या कोळशाच्या डोंगरातला, सहा फूट तीन इंच, कान जरा जास्तच बाहेर आलेले. सत्त्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात तो छत्तीस वर्षांचा होता आणि आमच्यासारख्या तळाच्या संघात पिचर म्हणून चेंडू टाकत होता. बाकीचे सगळे विशी-बाविशीतले. वर जायच्या वाटेवर ते आमच्याकडे थांबलेले असायचे. हॉब वरून खाली येताना थांबला होता. पोरं त्याला "फादर" म्हणून चिडवायची, कारण बसमध्ये तो प्रवचन द्यायचा. मक्याच्या शेतांमधून सहा-सहा तास बस चालायची. कुणी सामना हरल्यावर हेल्मेट आपटलेलं असलं की हॉब उठून त्याच्या शेजारी जाऊन बसायचा.

"हेल्मेटने काय केलं तुझं?"

"फादर, झोपू दे."

"जिंकलेला माणूस कसा आहे ते मला कळत नाही. जिंकल्यावर सगळेच चांगले असतात. हरल्यावर तू पाच मिनिटं काय करतोस ते मी बघतो. तेवढ्यात माणूस कळतो."

"आणि तू काय करतोस रे हरल्यावर? सराव तर भरपूर आहे तुला!"

सगळी बस हसायची. हॉबही हसायचा. पण खरं सांगायचं तर हरल्यावर तो काय करायचा हे मी रोज बघत होतो. दहा मिनिटं कपाटाकडे तोंड करून बसायचा, मग उठून एकेकाचा हात हातात घ्यायचा. ज्याच्या हातून झेल सुटला असेल त्याचा सगळ्यात आधी.

त्याचं हे चारित्र्याचं खूळ प्रोचास्काला फार महागात पडायचं. जूनमध्ये केल्सोच्या संघाविरुद्ध शेवटच्या डावात हॉबचा एक चेंडू बॅटरच्या बाहीला पुसटसा लागून गेला. बॅटरला लागला की त्याला फुकटात पहिल्या तळावर जाता येतं. अंपायरला दिसलं नव्हतं. खुद्द बॅटरलाही कळलं नव्हतं. आमचा हॉब मधूनच ओरडला, "लागला त्याला!" तो बॅटर तळावर गेला, पुढच्याच्या फटक्यावर सगळे तळ फिरून घरच्या तळावर पोचला आणि आम्ही एका धावेने हरलो. प्रोचास्काने टोपी जमिनीवर टाकून तिच्यावर उडी मारली.

"तू पिचर आहेस की पाद्री?"

"लागला होता, लू."

"मला दिसलं नाही!"

"मला दिसलं."

असा हा माणूस. जगाशी खरं बोलणारा. फक्त स्वतःच्या हाताबद्दल अट्टल खोटारडा. जुलैपासून तो कॉफीचा कप डाव्या हाताने धरत होता. शर्टाची बटणं लावायला त्याला वेळ लागत होता. मी विचारलं तर म्हणायचा, "झोपेत हातावर पडलो." रोज कसा पडेल?

ऑगस्टच्या तिसऱ्या शुक्रवारी प्रोचास्काने त्याला कोपऱ्यात घेतलं. वरच्या संघाला आणखी एक तरुण पिचर आमच्याकडे पाठवायचा होता आणि एकाला नारळ द्यायचा होता. "रविवारी तू टाकणार आहेस. रविवारी बघतो आणि ठरवतो," प्रोचास्का म्हणाला. हे मी इस्त्रीच्या टेबलामागून ऐकलं. हॉबने फक्त मान हलवली. शाळा सोळाव्या वर्षी सुटलेली, खाणीत परत जायचं नाही म्हणून बापाशी कायमचं भांडण झालेलं, आणि चेंडू टाकण्याखेरीज दुसरं काही येत नाही. रविवार हातचा गेला तर पुढे काहीच नव्हतं.

शनिवारी सकाळी प्रोचास्का माझ्याकडे आला. माझ्या डोळ्याला डोळा न देता म्हणाला, "अर्विड, एकतीस नंबरचा जादा शर्ट सोमवारपर्यंत मापाला कमी कर. नवा पोरगा बारीक आहे म्हणतात."

एकतीस नंबर हॉबचा.

"रविवारी ठरणार होतं ना?"

"काल संध्याकाळी वरून फोन आला. ठरलंय."

"त्याला सांगितलंस?"

"सोमवारी सांगेन. आज सांगितलं तर उद्या टाकायला कोण आहे माझ्याकडे? तू टाकतोस?"

माझ्या पोटात काही राहत नाही, हे वॉबेकमध्ये कुत्र्या-मांजरांनाही माहीत आहे. पण ही बातमी मी कुणाला सांगितली नाही. वॉनीटा दुपारी भेटली, केस सेट करून आली होती, रविवारसाठी. मी तिच्या केसांची तारीफ केली आणि घरी गेलो.

रविवारी सामना दुपारी एकचा. सकाळी दहाला मी चेंडूंना चिखल लावायला बसलो. नवा चेंडू गुळगुळीत, चकचकीत असतो, पिचरच्या हातातून निसटतो. म्हणून प्रत्येक सामन्याआधी सहा डझन चेंडू नदीच्या चिखलाने चोळून मंद करायचे असतात. ज्या दिवशी हॉब टाकणार असेल त्या दिवशी तो माझ्याबरोबर बसून निम्मे चेंडू चोळायचा. म्हणायचा, पाहुण्यांना मारायचे चेंडू आपण तयार करावेत, त्यात सभ्यपणा आहे. त्या दिवशी त्याच्या हातून चेंडू पडला. उचलला, परत पडला. तिसऱ्यांदा पडला तेव्हा मी त्याचा हात धरला. बोटांची टोकं मेणासारखी पांढरी होती. आणि गार. बाहेर पंचाण्णव डिग्री फॅरनहाइट, आयोवातला ऑगस्ट.

"हे काय आहे?"

"चिखल गार आहे."

चिखल माझ्याही हातात होता. तो पेजेसारखा कोमट होता.

"हॉब, डॉक्टरला दाखव."

"दाखवणार आहे. उद्या." त्याने हात सोडवून मांडीवर घासला. "पॉप, तुझं तोंड म्हणजे गावचं रेडिओ स्टेशन. आजचा एक दिवस बंद ठेव. सामना संपेपर्यंत. मग चौकात भोंगा लावून सांग."

मी त्याला तिथल्या तिथे सांगायला हवं होतं, की अरे वेड्या, ज्याच्यासाठी हे करतोयस ते परवाच गेलं, तुझा शर्ट मी मापाला कमी करतोय. जिभेच्या टोकावर होतं. पण तो त्या पांढऱ्या बोटांनी सातवा चेंडू चोळायला लागला होता. मी मनाशी म्हटलं, पहिल्या दोन डावांत मार खाईल आणि प्रोचास्काच त्याला बाहेर काढेल. जे आपोआप होणार आहे त्यासाठी मी कशाला वाईट होऊ?

त्याने मार खाल्ला नाही. केल्सोच्याच संघाविरुद्ध सामना होता. पहिल्या डावात तीन गडी, तीन बाद. दुसऱ्यात तीन. चेंडू जोरात येत नव्हता. कसा येत होता तेच कळत नव्हतं. बोटांना स्पर्श नसल्यामुळे तो कुठे वळणार हे टाकणाऱ्यालाच माहीत नव्हतं, मग मारणाऱ्याला काय कळणार? केल्सोची दणकट पोरं नुसत्या हवेत बॅट फिरवत होती. चौथा डाव संपला तेव्हा फळ्यावर केल्सोच्या नावापुढे शून्य धावा आणि शून्य फटके होते.

आणि मग ते सुरू झालं.

पिचरने समोरच्यांना एकही फटका मारू दिलेला नसेल, तर त्याच्याशी बोलायचं नाही. त्याबद्दल तर नाहीच, पण कशाबद्दलही नाही. त्याच्याकडे बघायचं नाही, शेजारी बसायचं नाही. बोललं की ते मोडतं. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण आमच्या खेळात बायबल न मानणारेसुद्धा हे मानतात. पाचव्या डावानंतर हॉब डगआउटमध्ये, मैदानाकडेच्या खेळाडूंच्या छपराखाली येऊन बाकाच्या एका टोकाला बसला आणि बाकीचे अठरा जण दुसऱ्या टोकाला एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखे दाटीने बसले. मधे वीस फूट रिकामं बाक. माणूस महारोगी असावा तसं.

तिथे बसून तो उजवा हात काखेत दाबून धरत होता. मग पिण्याच्या पाण्याच्या पिंपाजवळ, माझ्या कॉफीच्या किटलीला त्याने तो हात लावला. किटली गॅसवरून नुकतीच उतरवलेली. मी बघत होतो. त्याने हात काढला नाही. एवढ्या गरम किटलीवर हात ठेवून तो मैदानाकडे बघत बसला होता.

सहाव्या डावात आमचा कॅचर, कॅरिबियन बेटांतला, सांतो डोमिंगोकडचा एलिहिओ मातेओ, पाणी प्यायच्या निमित्ताने माझ्याजवळ आला. तो मला डॉन आर्विदो म्हणायचा. तिकडे म्हाताऱ्याला मानाने डॉन म्हणतात.

"डॉन आर्विदो," तो ओठ न हलवता म्हणाला, "चेंडू हातात देताना त्याची बोटं लागली मला. मेलेल्या माणसाची आहेत."

"मग लूला सांग."

"मी? मी बोललो आणि पुढच्याने फटका मारला, तर हे लोक मला पोहत घरी पाठवतील! तू सांग. तू तर सगळंच सांगतोस."

गेलो मी. शपथेवर सांगतो, गेलो. प्रोचास्का पायऱ्यांवर उभा होता. मी "लू..." एवढंच म्हटलं. त्याने मागे न बघता पंजा उभा केला.

"अर्विड, एक शब्द नाही."

"अरे, पण त्याचा हात..."

"एक शब्द काढलास तर याच पायऱ्यांवर पुरीन तुला." मग हळूच, अगदी लहान मुलासारखं, "असं मी चोवीस वर्षांत पाहिलेलं नाही. होऊ दे त्याचं. जाता जाता एवढं तरी होऊ दे."

त्याला वाटलं तो हॉबवर उपकार करतोय. मलाही तसंच वाटलं. खोटं कशाला बोलू? माझ्या मनात होतं की याचं सगळं गेलेलंच आहे, निदान हा एक दिवस त्याच्या नावावर लागू दे. मी परत जाऊन टॉवेलांच्या घड्या घातल्या. आयुष्यभर नको तिथे तोंड उघडणारा मी, त्या दिवशी सुया टोचल्या असत्या तरी बोललो नसतो. स्टँडमध्येही तेच. तेराशे माणसं, आणि मक्याचे दाणे चावल्याचा आवाज यावा इतकी शांतता. वॉनीटा तिसऱ्या रांगेत सेट केलेले केस घेऊन बसली होती, दोन्ही हातांनी पर्स धरून. तिने सकाळी त्याच्या शर्टाची बटणं लावून दिली होती. तीही गप्प होती. एवढा मोठा खेळाडू नवरा, त्याच्या नशिबाला ती कशी नजर लावणार?

नऊपैकी आठव्या डावात दोन बाद. केल्सोचा जाडा कॅचर आला. त्याचा फटका फटका म्हणायच्याही लायकीचा नव्हता. बॅटच्या मुठीला लागून चेंडू वर उडाला आणि आमच्या तिघांच्या मधोमध मऊ गवतात पडला, कुणी घडी घालून ठेवल्यासारखा. जाडा धापा टाकत पहिल्या तळावर पोचला.

संपलं. तेराशे माणसं उभी राहिली आणि टाळ्या वाजवायला लागली. आणि आमच्या बाकावर सगळ्यांना एकदम तोंड फुटलं. अठराच्या अठरा जण ओरडत होते, "शाब्बास फादर!" "हॉब, काय टाकलंस रे!" चार डाव दाबून ठेवलेलं सगळं एका मिनिटात बाहेर आलं. प्रोचास्का धावतच मैदानात गेला. मी मागोमाग. मला कुणी बोलावलं नव्हतं.

हॉब उभा होता. एलिहिओने परत टाकलेला चेंडू त्याच्या उजव्या हातात होता.

"दे चेंडू. बस झालं. कमाल केलीस," प्रोचास्का म्हणाला.

हॉबने हात पुढे केला. चेंडू सुटेना.

"दे रे."

"घे ना तू."

प्रोचास्काने त्याचं एकेक बोट उचकटून चेंडू काढला. बोटं पांढरी नव्हती आता. निळी-काळी होती, मनगटापर्यंत ठिपके आले होते.

"हे केव्हापासून?"

"सकाळपासून जास्त आहे," हॉब म्हणाला. आता विचारलं होतं, म्हणून त्याने खरं सांगितलं.

हॉस्पिटल चाळीस मैलांवर. प्रोचास्काने गाडी काढली. वॉनीटा पुढे बसली, मी मागे, आणि हॉबचा हात माझ्या मांडीवर. तिला सारखं मागे वळून बघायचं होतं आणि बघवत नव्हतं. अर्धा रस्ता झाला तेव्हा हॉब म्हणाला, "लू, राहतोय का मी?"

प्रोचास्काने रस्त्यावरची नजर हलवली नाही. "म्हणजे काय? असा सामना टाकल्यावर?"

मी खिडकीबाहेर बघितलं. मका, मका, मका.

खांद्याजवळच्या रक्तवाहिनीवर बरगडीचा दाब येऊन रक्ताची गाठ झाली होती, आणि तिचे तुकडे बोटांमध्ये जाऊन बसले होते. इतकं मला समजलं. सर्जन तरुण होता, चष्म्याच्या काचा पुसत विचारत होता, "दुखत असणार, बधिर झालं असणार. सकाळी का नाही आणलंत?" त्याला काय सांगणार? की तो चांगलं खेळत होता, म्हणून आम्ही त्याच्याशी बोललो नाही? मंगळवारी त्यांनी अंगठा सोडून तीन बोटं काढली. करंगळी वाचली.

गुरुवारी वॉनीटा त्याचं सामान न्यायला माझ्या खोलीत आली. ग्लव्ह, बूट, दाढीचा डबा. मी खोक्यात भरत होतो. शिलाईच्या मशीनवर नव्या पोराची वाट बघत एकतीस नंबरचा शर्ट होता. तिने तो उचलून स्वतःच्या अंगाला लावून बघितला.

"हा कधी लहान केलात?"

मी खोटं बोलू शकलो असतो. "शनिवारी सांगितलं होतं लूने."

तिला समजायला थोडा वेळ लागला. मग तिने शर्टाची नीट घडी घातली आणि मशीनवर ठेवली.

"पॉप, माझ्या बहिणीचं लग्न मोडलं ते मला कळायच्या आधी तुम्ही दुकानात सांगितलं होतं. माझ्या नवऱ्याचे चेंडू वर तिघांनी सडकून काढले, ते तुम्ही आल्या-गेल्याला सांगता. मला माहीत आहे. मला वाटायचं, बोलू दे म्हाताऱ्याला, मनाने वाईट नाही." तिने खोकं उचललं. मी पुढे झालो, तर तिने कोपर आडवं केलं. "एवढं एकच ठेवलंत होय पोटात?"

त्यानंतर तिने माझ्याशी बोलणं टाकलं. आजतागायत.

हॉब ऑक्टोबरात आला. धान्याच्या गोदामात त्याला वजनकाट्यावर काम मिळालं होतं, डाव्या हाताने आकडे लिहायला शिकत होता. हंगाम संपून पोरं आपापल्या गावी गेली होती. मी एकटाच कपाटं पुसत होतो. तो बाकावर बसला, उजवा हात कोटाच्या खिशात. मी कॉफी दिली. बराच वेळ केल्सोच्या जाड्या कॅचरबद्दल बोललो. तो म्हणाला, "चांगला फटका होता. त्याचा हक्काचा."

मला राहवलं नाही. शर्टाचं, फोनचं, चिखलाचं, सगळं सांगून टाकलं. म्हटलं, मला शिव्या घाल, काहीतरी बोल.

"वॉनीटाने सांगितलंय." त्याने कप खाली ठेवला. "लूने करायचं ते केलं. त्याला माणूस हवा होता. पोरांनी रीत पाळली. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तोंड उघडलं नसतं."

"आणि मी?"

तो हरल्यावर कपाटाकडे बघत बसायचा तसा बसला.

"तुला मी गप्प राहायला सांगितलं होतं. तू ऐकलंस. तुझ्यावर माझा काही आरोप नाही."

"पण सामन्याच्या मधे मी येऊन सांगितलं असतं, की हॉब, ऊठ, तुझा शर्ट गेला, चल डॉक्टरकडे, तर?"

"तर सगळ्यांसमोर थोबाडीत दिली असती तुझ्या," हॉब म्हणाला. मग खिशातला हात काढून त्याने गुडघ्यावर ठेवला. "याच हाताने दिली असती. पाचही बोटांनी."

तो उठला, कप धुवायला नळाकडे गेला. एका हाताने कप धरून त्याच हाताने घासता येत नाही. कप बेसिनमध्ये गोल गोल फिरत राहिला. मी मदतीला गेलो नाही. त्याने तो पोटाशी दाबून धरला, घासला, उलटा ठेवला आणि दार लावून निघून गेला.